जाळी कोणी काढली

वादळानं गावातली निम्मी झाडं आडवी केली आणि निम्मी छपरं उडवून नेली. दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून दोन्हीकडची माणसं वखारीच्या फाटकाशी येऊन उभी. झाडवाले ओंडके घेऊन आलेले, छपरवाले फळ्या मागायला आलेले. मधे वखार, वखारीत एक गोल करवत, आणि त्या करवतीवर एकटा लंबू.

लंबू म्हणजे दाराच्या कडीला हात पुरवायचा तर टाचा उंचावणारा माणूस. त्याला लंबू कोणी म्हणायला सुरुवात केली हे आता कोणालाच आठवत नव्हतं, आणि त्याचं खरं नाव त्याच्या बायकोलाही लाजल्याशिवाय घेता येत नसे. पण करवतीवर उभा राहिला की त्याच्याएवढा मोठा माणूस वखारीत दुसरा नव्हता. ओंडक्यावर तळहात फिरवून तो सांगायचा, "ह्याच्या पोटात गाठ आहे, मालक, दमानं घ्यायला लागेल." आणि गाठ असायचीच.

पण या खेपेला लाकूडच ओलं होतं. चिंब. कोरड्या लाकडाचा भुसा उडून लांब पडतो. ओल्याचा तसा पडत नाही, तो मळलेल्या पिठासारखा चिकटतो. माणसाचा हात पात्याकडे जाऊ नये म्हणून करवतीवर लोखंडी जाळी बसवलेली असते. त्या जाळीच्या आत भुसा गच्च बसायला लागला. मोटर कण्हायची, पट्टा घसरायचा, लंबू बटण दाबून मशीन बंद करायचा, काडीनं भुसा कोरायचा आणि परत चालू करायचा. कापणं थोडं आणि कोरणंच जास्त.

मालक टेंपो घेऊन नदीकाठचे ओंडके आणायला गेले होते. फाटकाशी सगळ्यांना तोंड देत होती मालकीण, म्हणजे वहिनी. अख्खं गाव तिला वहिनीच म्हणायचं, तिच्यापेक्षा वयानं मोठी माणसंसुद्धा.

"वहिनी, कधी देताय?" सुतारानं सकाळपासून हेच विचारून डोकं उठवलं होतं.

"देतेय ना बाबा. लाकूड ओलंय, दिसत नाही का?"

"तुम्ही छपराखाली उभं राहून बोलताय म्हणून बरंय. तिकडे लोकं ताटात पाऊस घेऊन जेवताहेत."

मागची माणसं हसली, पण त्या हसण्यात गंमत नव्हती. एका बाईच्या कडेवर तापलेलं पोर होतं, ते टकमक वखारीच्या छपराकडे बघत होतं. वहिनीनं आभाळाकडे बघितलं. पश्चिमेला पुन्हा काळं दाटलं होतं.

ती आत गेली आणि खुंटीवरचा पाना काढून आणला.

"वहिनी, नको," लंबू म्हणाला. तिच्या हातात पाना बघूनच त्याला कळलं.

"काय नको?"

"जाळी. मालक ओरडतील."

"मालक यायच्या आत परत बसवू. अंधार पडायच्या आत एवढ्यांचं तरी होऊ दे. तू काप, मी बघते."

"तुम्ही काय बघणार?"

"तुझ्याकडे बघते. मग तर झालं?"

लंबू हसला. वहिनीला नाही म्हणायची त्याला सवय नव्हती. कुणालाच नव्हती. तिनं एकेक नट सैल केला. शेवटचा गंजून बसला होता. तिनं पान्यावर सगळं अंग टाकलं, तेव्हा तो कर्रकन फिरला आणि ती पडता पडता वाचली. दोघं हसले. पट्ट्याला द्यायला स्वयंपाकघरातल्या ज्या वाटीतून तेल आणलं होतं, ती वाटी रिकामी झाली होती. नट तिनं त्या वाटीत टाकले, जाळी भिंतीला टेकवली, आणि करवत सुरू झाली.

काय चालली करवत! उघडी, मोकळी, भुशाचे लोट उडवत. फळ्यांवर फळ्या पडायला लागल्या. सुतार शिट्टी वाजवायला लागला. वहिनी लंबूकडे बघत उभी होती, खरंच उभी होती. मग आतून सासूबाईंनी हाक मारली, "अगं, दूध उतू जातंय, कुठं मेलीस?" आणि ती आत गेली.

करवतीशेजारी संसार केलेल्या बाईला करवतीचा आवाज पाठ असतो. ओलं लाकूड कसं बोलतं, कोरडं कसं, गाठ लागली की कशी किंचाळते, विसरलेला खिळा लागला की काय होतं, सगळं. दुधाखालचा गॅस बंद करताना तिनं जे ऐकलं ते ह्यातलं काहीच नव्हतं. करवत एकदम हलकी झाली. समोर कुणीच नसल्यासारखी.

ती धावली. लंबू उभाच होता. उजवा हात त्यानं डाव्या काखेत घट्ट दाबून धरला होता. शर्टाची ती बाजू बघता बघता काळी होत चालली होती. चेहरा भुशाच्या रंगाचा.

"वहिनी," तो म्हणाला, "मशीन बंद करा आधी. पट्टा जळेल."

*

मालक दवाखान्यातून परतले तेव्हा दिवेलागणीची वेळ होती. ते पायरीवर बसले आणि बूट काढायचे विसरून गेले.

"करंगळी आणि अंगठा राहिला," ते म्हणाले. "मधलं सगळं गेलं."

सासूबाईंनी तोंडावर हात ठेवला. वहिनी दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

तेवढ्यात जावईबापू आले. सासूबाईंचे एकुलते एक जावई, तालेवार घरातले, विमे विकायचे. वखारीचा विमा त्यांनीच उतरवला होता. मालकांना तो घ्यायचा नव्हता. पण सासूबाई म्हणाल्या होत्या, घरच्या जावयाला कधी नाही म्हणतात का? मग आगीचा घेतला, चोरीचा घेतला, आणि कामावरच्या माणसाला काही झालं तर म्हणून हाही घेतला. कागदं जावईबापूंनी भरली, मालकांनी नुसत्या सह्या केल्या. त्या विम्याकडे पाहुण्यानं आणलेल्या फुलदाणीसारखं बघितलं जायचं, फेकताही येत नाही आणि कशाला आहे तेही कळत नाही.

"घाबरायचं काही कारण नाही," जावईबापू खुर्चीत बसत म्हणाले. "मी आहे. कंपनीचा माणूस येईल, बघेल, दोन प्रश्न विचारेल. मला फक्त एक सांगा, जाळी लावलेली होती ना?"

मालकांनी मान खाली घातली. "भिंतीला टेकवलेली होती."

"कोणी काढली?"

वहिनीनं तोंड उघडलं. शब्द अगदी ओठांपर्यंत आला होता.

"लंबूनंच काढली असणार, दुसरं कोण?" जावईबापूंनी तिच्या आधी स्वतःच उत्तर दिलं. "या लोकांना घाई फार. एका अर्थी बरंच झालं म्हणा. चूक त्याची, आपल्यावर काही येत नाही. तेवढं सगळ्यांनी एकच बोला, म्हणजे झालं."

"जावईबापूंना चहा टाक गं," सासूबाई म्हणाल्या. "दिवसभर धावपळ झालीय त्यांची."

वहिनीनं तोंड मिटलं आणि आत गेली. चहा टाकता टाकता तिच्या हातातली साखर सांडली. ती पुसली, परत सांडली. मग एकदम वाटीची आठवण झाली. जाळीचे नट वाटीत होते! जेवायच्या वाटीत नट ठेवणारा लंबू नव्हे, कुठलाच कामगार नव्हे, तो नट खिशात टाकतो. वाटी कुणी बघितली तर?

ती मागच्या दारानं करवतीपाशी गेली. जमिनीवर कोणीतरी भुसा टाकून ठेवला होता, तरी एक जागा ओली दिसत होतीच. ती त्या जागेला वळसा घालून मशीनपाशी पोचली. वाटी नव्हती. मशीनखाली नव्हती, फळ्यांमागे नव्हती, कुठंच नव्हती.

*

त्यानंतर वहिनीचं असं झालं की कुत्रं भुंकलं तरी दचकायचं. जेवायला बसली की घास तोंडात फिरत राहायचा, गिळायचं कुणीतरी सांगायला लागायचं. वखार बंद. फाटकाशी आता कोणी येत नव्हतं, आलं तर बघायला यायचं, कुठं झालं, कसं झालं, रक्त किती पडलं. सुतार फळ्या घेऊन गेला तो परत फिरकला नाही. तिनं हातात पाना घेतलेला त्याला दिसला होता का? तो काही बोलत नव्हता, आणि हेच तिला जास्त छळत होतं.

आणि सगळ्यात मोठा छळ म्हणजे लंबूची बायको.

दवाखान्यात जायच्या आधी ती रोज सकाळी वखारीवर यायची. पहिल्या दिवशी वहिनीला वाटलं, भांडायला आली. पण ती आली, दारात उभी राहिली आणि हात जोडून म्हणाली, "ताई, माफ करा." वहिनीला ताई म्हणणारी गावात ती एकटीच.

"कशाबद्दल?"

"ह्यांच्यामुळे तुमची वखार बंद पडली. मी सारखी सांगत होते, घाई करू नका, मशीनशी खेळू नका. ऐकतात का कुणाचं! दवाखान्यात पण बोलले मी त्यांना. अहो, इतक्या वर्षांचा धंदा तुमचा, ह्यांनी जाळी काढली आणि डाग लावला."

"तो... तो म्हणाला असं? जाळी त्यानं स्वतः काढली म्हणून?"

"तेच सांगतात. डॉक्टरांनी विचारलं तरी तेच, मी विचारलं तरी तेच." तिनं डोळे पुसले आणि थेट मोरीकडे वळली. "भांडी पडलीयत. मी घासते. तेवढं तरी करू द्या."

"अगं नको, नको, राहू दे."

"नको काय! मला मेलीला करू द्या, ताई. माझ्या जिवाला बरं वाटेल."

आणि ती बसली भांडी घासायला. वहिनी दारात उभी राहून बघत राहिली. बाईच्या मानेवर झोप नसल्याच्या रेघा होत्या. हातांची कातडी राखेसारखी कोरडी झाली होती. कढई घासताना ती आतून जोर लावून घासत होती, जणू कढईतून नवऱ्याची चूक खरवडून काढायची होती. सासूबाई म्हणाल्या, "बघ, किती जाण आहे बाईला."

सांगावं. आज सांगावं. ती रोज ठरवायची, रोज तोंड उघडायची आणि म्हणायची, "चहा घेऊन जा."

*

विम्याच्या कंपनीकडून बाई येईल असं जावईबापूंच्या ध्यानीमनीही नव्हतं. गाडी फाटकाशी थांबली तसे ते लगबगीनं पुढं गेले, ड्रायव्हरला नमस्कार केला, त्याला मोठी खुर्ची दिली आणि म्हणाले, "साहेब, प्रवास कसा झाला?" ड्रायव्हर लाजला. मागून उतरलेली, केस घट्ट बांधलेली, हातात मोजपट्टी असलेली बाई शांतपणे म्हणाली, "प्रवास ठीक झाला. मशीन कुठंय?"

एरवी वहिनी पोट धरून हसली असती.

मॅडमनी मशीन बघितलं. पातं, पट्टा, बटण. उभं राहायची जागा मोजली. जाळी हातात घेऊन उलटसुलट केली. "नट कुठंयत?"

"सापडत नाहीत," मालक म्हणाले. फार लवकर म्हणाले.

"मोटर चालू करा. लाकूड नको, नुसती."

मालकांनी बटण दाबलं. त्या दिवसानंतर पहिल्यांदा करवत फिरली. आवाज वाढत गेला आणि सरळ एका सुरात लागला. तोच सूर, हलका, समोर कुणीच नसल्यासारखा. तिनं फळ्यांच्या थप्पीला हात टेकला. बंद करा, बंद करा, असं ती मनात ओरडत होती.

बंद झाल्यावर सगळे पडवीत बसले. जावईबापू घसा साफ करून म्हणाले, "मॅडम, एक गोष्ट अगदी स्पष्ट लिहून घ्या. ह्यात आमच्या मंडळींची यत्किंचितही चूक नाही. मालक बाहेरगावी होते. कामगारानं स्वतःच्या मनानं जाळी काढली."

"हो, त्याचाही जबाब तसाच आहे," मॅडम म्हणाल्या. "मी आधी दवाखान्यात जाऊन आले. जाळी मीच काढली, मालकांनी आणि वहिनींनी नको म्हटलं होतं, असं तो म्हणाला."

वहिनीनं मान वर केली. *नको म्हटलं होतं?*

"बघा!" जावईबापूंनी मांडीवर थाप मारली. "इमानी माणूस आहे आमचा."

"मग माझं काम संपलं," मॅडम म्हणाल्या आणि उठायला लागल्या.

"म्हणजे भरपाई कधीपर्यंत मिळेल त्याला?" मालकांनी विचारलं.

"भरपाई?" मॅडमनी आधी मालकांकडे आणि मग जावईबापूंकडे बघितलं. "कसली? हा विमा कशाचा आहे, ह्यांनी सांगितलं नाही तुम्हाला? मालकाच्या बाजूनं चूक झाली आणि त्यात कामगाराला इजा झाली, तर मालकाच्या वतीनं कंपनी भरपाई देते. मालक म्हणतात आमची चूक नाही, कामगार म्हणतो माझीच चूक. मग कोण कशाची भरपाई देणार? फाइल बंद."

जावईबापूंचा चेहरा हळूहळू उतरत गेला. आगीच्या विम्यात आग आपण लावली नाही म्हणून सांगायचं असतं, चोरीच्यात दार आपण उघडं ठेवलं नाही म्हणून सांगायचं असतं. तसंच ह्यातही, असं धरून ते इतकी वर्षं हा विमा गावभर विकत आले होते.

"म्हणजे चूक आपली म्हटली असती तर..." मालक पुटपुटले.

"तर काय झालं असतं?" वहिनीनं विचारलं. स्वतःचाच आवाज तिला दुसरीकडून कुठून तरी आल्यासारखा वाटला.

मॅडम पुन्हा बसल्या. "तर चौकशी झाली असती. जाळी कुणी काढली, का काढली. सरकारी माणसंही येतील, ती मशीनला टाळं लावू शकतात. जाणूनबुजून काढली असेल तर कंपनी कामगाराला देईल, पण नंतर ते पैसे तुमच्याकडून वसूल करू शकते. वखारीवर जप्तीही येऊ शकते. मी कशाचंही वचन देत नाही, ताई. हे सगळं खरंय आणि ते वाईट आहे."

टाळं. वखार. सासूबाईंचे डोळे वहिनीवर होते. मालकांचे जमिनीवर. हे घर, हे छप्पर, उद्याचं जेवण, सगळं त्या करवतीतून आलेलं. गप्प बसलं तर कोणालाही काही कळणार नाही. लंबूनं दार लावून घेतलंय, बाहेरून कडी तेवढी घालायची.

"मी काढली," ती म्हणाली.

"काय?"

"जाळी. मी काढली. माझ्या हातानं. तो नको म्हणत होता."

सासूबाई किंचाळल्या, "डोकं फिरलंय का तुझं!" जावईबापू ताडकन उभे राहिले. "वहिनी, अहो, दयेपोटी काहीही बोलू नका! मॅडम, ह्यांचं मन फार हळवं आहे."

मॅडम वहिनीकडे वळल्या. "आता दोघांचे जबाब जुळत नाहीत. आणि भरपाई मिळणार नाही हे कळल्यावर तुम्ही बोललात. तुम्ही सगळे मिळून हे आत्ता ठरवलं नाही, कशावरून? तो जोपर्यंत तेच म्हणत नाही, तोपर्यंत मी हे लिहू शकत नाही. चला दवाखान्यात."

*

मॅडमची गाडी पुढे, मागे टेंपो. टेंपोत मालक आणि वहिनी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडं अजून उपटून पडलेली, मुळं आभाळाकडे. मालक खड्डे चुकवत गाडी हाकत होते.

"ओरडा तरी," वहिनी म्हणाली.

त्यांनी एक हात खिशात घातला आणि मूठ तिच्या मांडीवर उघडली. नट होते. सगळे.

"वाटीत नट कोण ठेवतं?" ते म्हणाले.

"तुम्हाला त्या दिवसापासून माहीत होतं?"

"लंबूला टेंपोत घालतानाच दिसली. वाटी धुऊन ठेवली मी. मोरीत."

"मग बोलला का नाहीत?"

"वाटलं, तू बोलशील. मग वाटलं, देवा, हिला बोलू देऊ नकोस." त्यांनी रस्त्यावरची नजर काढली नाही. "मला भीती वाटतेय गं. आपलं काय होईल?"

तिनं नट मुठीत इतके घट्ट धरले की त्यांच्या कडा हातात रुतल्या.

दवाखान्याच्या त्या खोलीत औषधाचा आणि ओल्या भिंतींचा वास होता. लंबू खाटेवर उशीला टेकून बसला होता. पट्टी बांधलेला हात छातीवर. एवढासा दिसत होता तो, जणू खाट मोठी करून आणली होती. शेजारी स्टुलावर त्याची बायको. मालक-मालकिणीला बघून ती उठून उभी राहिली, आणि लंबूही उठायला लागला. दुखून तोंड वेडंवाकडं झालं त्याचं, तरी उठायला लागला.

"बसा," मॅडम म्हणाल्या. "ह्या ताई म्हणताहेत की जाळी त्यांनी काढली."

लंबूनं वहिनीकडे बघितलं नाही. तो भिंतीकडे बघत म्हणाला, "नाही हो. मीच काढली. वहिनींचं मन मोठं आहे. माझ्यासाठी खोटं बोलताहेत."

"लंबू!" वहिनी पुढं झाली. "अरे, खरं सांग. तू खरं सांगितलंस तरच तुला पैसे मिळणारेत."

"बघा, मॅडम," लंबू कसंनुसं हसला. "माझ्या पैशांसाठीच बोलताहेत."

मॅडमनी सुस्कारा टाकून वही मिटली. खरं बोलायला एवढी ताकद लागली, आणि ते खरं इथं दयेच्या बाजारात मोडीत निघत होतं! तिनं मूठ उघडली, नट दाखवले, गंजलेला नट कसा फिरला ते सांगायला लागली, ती कशी पडता पडता वाचली, ते दोघं कसे हसले. सांगता सांगता शब्द एकमेकांत अडकले. लंबू भिंतीकडे बघत नाही, नाही, अशी मान हलवत राहिला. त्याच्या कपाळावर घामाचे मोठे थेंब आले होते. त्याला कशाची भीती होती ते वहिनीला अचानक दिसलं. हाताची नव्हती ती. वखार बंद पडली तर दोन बोटांच्या माणसाला दुसरीकडे कोण ठेवणार, त्याची ती भीती होती. चूक स्वतःवर घेतली की मालक उपकार म्हणून तरी दाराशी उभं करतील, एवढाच त्याचा हिशेब.

तेव्हा त्याची बायको बोलली. इतका वेळ ती एकदा वहिनीकडे, एकदा नवऱ्याकडे बघत उभी होती.

"अहो," ती म्हणाली. "इकडे बघा."

तो बघेना. तिनं त्याची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं, लहान मुलाचं वळवतात तसं.

"मी रोज बोलले तुम्हाला. ह्या खाटेवर. ऐकून घेतलंत. आता मला सांगा. तुम्ही काढली?"

लंबूचे ओठ हलले. आणि मग, बायकोच्या हातात हनुवटी असताना, त्यानं फक्त डोळे फिरवले. वहिनीकडे. विचारल्यासारखे. नेहमी करवत लावायच्या आधी बघायचा तसे, लावू का, वहिनी?

खोलीतल्या सगळ्यांनी ते बघितलं.

वहिनीनं मान हलवली. "सांग."

"वहिनींनी काढली," लंबू म्हणाला, आणि रडायला लागला. आवाज न करता, खांदे हलवत.

मॅडमनी वही पुन्हा उघडली. लिहिलं, दोघांच्या सह्या घेतल्या. लंबूनं डाव्या हातानं केली, ती सही कमी आणि ओरखडा जास्त होती. जाताना मॅडम दारात थांबून वहिनीला म्हणाल्या, "मी हे वर पाठवते. त्याला मिळायला हवं. तुमचं काय होईल, ते मला खरंच माहीत नाही." मालक त्यांना सोडायला बाहेर गेले आणि परत आत आले नाहीत.

लंबूची बायको वहिनीसमोर येऊन उभी राहिली. अगदी जवळ. तिचा श्वास वहिनीच्या तोंडावर येत होता. वहिनीला वाटलं, आता मारेल. मारू दे.

"बाहेर थांबा," ती म्हणाली. ताई नाही, काही नाही.

वहिनी बाहेर गेली. बाकावर मालक बसले होते. ते थोडे सरकले, पण ती बसली नाही. भिंतीला पाठ लावून उभी राहिली. समोरच्या खिडकीतून वादळानं मोडलेली एक फांदी दिसत होती, सालीला लोंबकळत. आतून काही ऐकू येत नव्हतं. ना रडणं, ना बोलणं. तिथं तिला सगळ्यात जास्त भीती वाटली, ह्या सगळ्या दिवसांतली सगळ्यात जास्त, कारण आता लपवायला काही उरलं नव्हतं आणि तरी भीती गेली नव्हती.

मग आतून स्टूल सरकल्याचा आवाज आला, लंबू कण्हला, आणि बायकोचा आवाज आला, दमलेला, धापा टाकणारा.

"कोणी आहे का तिथं? ह्यांना उठवायचंय, एकटीला उचलवत नाही."

मालक उठायला लागले, पण वहिनी आधीच दारात पोचली होती. लंबूच्या बायकोनं वर बघितलं. कोण आलंय ते बघून तिचा जबडा घट्ट झाला. क्षणभर वाटलं, ती नाही म्हणेल.

"त्या बाजूनं धरा," ती म्हणाली. "आणि बोलू नका."

वहिनीनं लंबूच्या पाठीखाली हात घातला. तो हलका होता, पण मेल्यासारखा सैल होता. दोघींनी मिळून त्याला उठवून बसवलं. त्याचा शर्ट घामानं भिजला होता. त्यातून त्याचं काळीज तिच्या तळहाताखाली धडधडत होतं, भेदरलेल्या पाखरासारखं. ती बोलली नाही. हात काढून घेतला नाही.